पाणीच नाही तर बुडणार कोण

५ फेब्रुवारी
चिखले गावातल्या आमच्या बंगल्यातला स्विमिंग पूल आज रिकामा केला. भाड्याने येणाऱ्या एका गेस्टची मुलगी मागे बुडता बुडता वाचली, तेव्हापासून डोक्याला ताप होता. आता पाणीच नाही तर बुडणार कोण? झीरो रिस्क. संगिता म्हणाली, पाणी निदान दिसायचं, हा नुसता खड्डा झाला, कडेने रेलिंग करून घ्या. बायकोला टेक्निकल गोष्टी पटवणं अवघड. तरी कैनाडच्या वेल्डरला, प्रविणला, सोमवारी फोन करायचं ठरवलं. नक्की.

१२ फेब्रुवारी
सोमवारी राहिला फोन. प्रविणच करेल. त्यालाही काम हवंच असणार. शिवाय रेलिंगने व्ह्यू जातो.

२० फेब्रुवारी, सकाळी
खोल बाजूला कुत्रा पडला. गुळगुळीत टाइल्स, वर चढता येईना. वाडीचं काम बघणाऱ्या लाहूने शिडी लावून काढला. पुढचा पाय मोडलाय. मुकं जनावर, त्याला काय समज? माणूस बघून चालतो. तरीपण आपण जबाबदार मालक. चार खुंट्या ठोकून पुलाभोवती नायलॉनची दोरी ओढली. एकदम प्रोफेशनल दिसतं.

२३ फेब्रुवारी
संगिता दोरीवर कपडे वाळत घालू लागली. म्हणाली, नाहीतरी तिचा दुसरा काय उपयोग? टोमणा होता बहुतेक. मी डबल यूज म्हणून घेतला.

२७ फेब्रुवारी
मागच्या अंगणातला दिवा गेलाय. डहाणूला गेलो, चिकूचे खोके आणले, बल्ब राहिला. संगिताने दोनदा आठवण केली होती म्हणे. अलीकडे चिडचिड करते. उकाडा वाढलाय.

४ मार्च
संगिता पुलात पडली.
दिवेलागणीला कपडे काढायला गेली होती. धप्प आवाज आला. मला वाटलं चिकूचा खोका पडला. टीव्ही चालू होता. मग हाका ऐकू आल्या, पण खोलातून. आधी कुठून येतात तेच कळेना. लाहू आणि वाडीतला दुसरा गडी सुक्या खाली उतरले, फळीवर बांधून उथळ बाजूने तिला वर घेतलं. मी टॉर्च धरला होता. ती रडली नाही. फक्त म्हणाली, माझी साडी नीट करा.

५ मार्च, हॉस्पिटल
मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन करून रॉड घातला. दोरी तुटली नव्हती, खुंटी उपटली. माती भुसभुशीत तिथली. प्रविणने वेळेवर फोन केला असता तर हे झालंच नसतं.
जेवलो नाही. भूक नव्हती.

१२ मार्च
डिस्चार्ज. डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या कशा पडलात? मी म्हणणार होतो, त्याचं काय झालं. त्याआधीच संगिता म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर मला म्हणाले, काका, बाथरूममध्ये रबरी मॅट घाला, एवढं तरी करा. मी हो म्हणालो.

येताना गाडी थांबवून मॅट घेतली. दुकानदाराने विचारलं, रंग कुठला? मी वळून गाडीकडे बघितलं. संगिता दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती.
कुठलाही द्या म्हणालो.