मधली तार

प्रिय तिलेक,

तेहतीस वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवातच भांडणाने करतेय. खुशाली विचारत नाही. काल तुला पाहिलं, चांगला गलेलठ्ठ झाला आहेस.

परवा कोबी घेऊन बसने घरी येत होते. मागच्या बाकावर पिकल्या दाढीचे दोन बाप्ये अगदी हमरीतुमरीवर आलेले. विषय काय, तर आपल्या बँडच्या ‘खिंडीतला वारा’मधली ती गिटार तिलेकने वाजवली की कुबानने! एक म्हणे, मनगटाची अशी थरथर फक्त तिलेकची. दुसरा म्हणे, हॅट, तिलेक जन्मात नखाने वाजवायचा नाही, हा कुबानच. मला राहवेना. म्हटलं, दोघांपैकी कुणीच नाही. तर मला म्हणतो कसा, “एजे, अहो ताई, तुम्ही आपला कोबी सांभाळा!” अस्सा संताप आला, आणि सगळा तुझाच.

आठवतंय ना? फ्रुन्झे शहरात, गिरणीच्या क्लबात, मॉस्कोचे रेकॉर्डवाले आले होते. ऐन वेळी तुझ्या गिटारच्या दोन तारा तुटल्या. नव्या लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तिथे मुलींना आपलं तीन तारांचं कोमुझ वाजवायला शिकवायचे, माझा हात बसलेला. तो बसलेला हातच नडला. कोमुझची सगळ्यात उंच स्वराची तार मधे असते. गडबडीत मी गिटारचीही तशीच लावून टाकली. तुझी बोटं भलतीकडेच पडायला लागली. रेकॉर्डवाले घड्याळ दाखवत होते. तू गिटार माझ्या अंगावर टाकलीस, “घे, तूच वाजव आता!” म्हणून ओरडलास. वाजवली मी, एका दमात. तुम्ही चौघं बघतच राहिलात.

रेकॉर्डवर नावं मात्र तुम्हा चौघांचीच. मंत्रालयातून यादी मंजूर होऊन आलीय, आता पाचवं नाव घुसवलं तर रेकॉर्डच रद्द होईल, पुढच्या वेळी नक्की, असं तू माझे हात धरून म्हणालास. मी वेडी, त्या धरलेल्या हातांवर विसंबले. कुठे अडकली रे ती पुढची वेळ? सोव्हिएत देश मोडला, मंत्रालय गेलं, यादीवर शिक्के मारणारे मेले, तरी तुझं तोंड काही उघडलं नाही. कुबान बिचारा गेला. तुला विचारलं की तू नुसता हसतोस म्हणे, आणि लोकांना वाटतं, केवढा हा विनय!

हेही गिळलं असतं मी. पण काल गिटारच्या स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीत बसून तू भर सभागृहात एका मुलीला म्हणालास, “पोरी, तार चुकीच्या जागी लावलीस. कुणी शिकवलं तुला हे?” सगळे हसले. ती मीरिम, माझी मुलगी. तिला मी शिकवलं, पण रेकॉर्डवरची ती गिटार मी वाजवली होती हे आजवर सांगितलं नाही. तीही हसेल याची भीती वाटायची. तार तुला ओळखू आली नाही, असं मला सांगू नकोस. तुझा चेहरा मी पाहिलाय. घरी येऊन तिने ती तार काढली, चारचौघांसारखी कडेला लावली आणि म्हणाली, “आई, तू मला चुकीचं शिकवलंस.” शनिवारच्या अंतिम फेरीसाठी तिची निवड झालीय, तरी जाणार नाही म्हणते. त्याआधी घरी ये. तिच्या समोर बस आणि सांग, ती तार कुणाची. रेकॉर्डवर माझं नाव आता नकोच. माझ्या मुलीच्या गिटारवर ती तार तेवढी परत मधे लागू दे.

एकेकाळची तुझीच,
जिपार