पाण्याची कॉफी

प्रिय बाबा,

आज सकाळी कपाटावरून तुमचा कॉफीचा बॉयलर खाली काढला. तो चालला, बाबा. आणि त्यानंतर घरात जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून लिहायला बसले.

आधी आईचं सांगते. तुमचं दिवसकार्य झालं त्याच दिवशी तिने तुमच्या नावाने कॉफी सोडली. गेलेल्या माणसाच्या नावाने आवडती वस्तू सोडायची, ही तुमच्या गावाकडची रीत. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं. तिने नेमकी कॉफीच का सोडावी? दुपारी तुम्ही दोघं उंबऱ्याशी बसून जायफळाची कॉफी प्यायचात, दिवसभरात ती बसायची ती तेवढीच. आता ती वेळ झाली की ती उभ्या उभ्या भांडी पुसते. पुसलेली परत पुसते. बसतच नाही.

मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, "आई, प्रेम काय असं सोडून सिद्ध करायचं असतं? बाबांना तरी आवडलं असतं का?"

"तू बी.ए. झालंस मां? मग तुका कळूक व्हया," म्हणाली आणि पाठ फिरवली.

हो, बाबा, मी बी.ए. झाले. गेल्या आठवड्यात निकाल लागला. आपल्या घरात कुणीतरी झालं शेवटी. म्हणूनच तर यंत्र काढलं. तुमचाच शब्द होता ना, सुलू बी.ए. झाली की काढू?

मामाने जहाजावरून ते एस्प्रेसोचं यंत्र आणलं तो रविवार आठवतो? एस्प्रेसो म्हणजे लग्नाच्या हॉलातली, फेसाळ दुधाची, वर चॉकलेटची पूड भुरभुरवलेली, एवढंच आपल्याला ठाऊक. इटलीत हे घराघरात असतं, असं मामा म्हणाला तेव्हा आईला ती थाप वाटली. तुम्ही मात्र यंत्राच्या डोक्यावरच्या फिरकीच्या झाकणावर बोट ठेवलंत आणि हळूच म्हणालात, "अरे, हा तर बॉयलर आहे."

संपानंतर तुम्ही बॉयलर पाहिलाच नव्हता. मिलच्या बॉयलरखात्यात जन्म गेला, आणि शेवटी बिल्डिंगच्या गेटवर खाकी डगला घालून उभं राहणं आलं. त्या दिवशी त्या वीतभर यंत्रासमोर तुम्ही उकिडवे बसलात, चष्मा पुसलात, आणि देवळात बघावं तसं बघत राहिलात. मी तुम्हाला तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"भावोजी, आत पाणी, खाली गाळणीत पूड," मामा सांगत होता. "घोटभर काळी कॉफी उतरते. आमचा कप्तान तिच्यात गरम पाणी ओतून मोठा कप करतो. साधा, रोजचा."

"मला तशीच दे," तुम्ही म्हणालात.

पण आई ऐकते कुठे? यंत्र बघायला अख्खा मजला दारात. "पावण्यांका पाण्याची कॉफी? लोक काय म्हणतले?" तुम्ही प्लग लावायला वळलात तेवढ्यात तिने बॉयलरमध्ये दूध ओतलं. साखर आणि जायफळासकट.

मग ती शिट्टी. "मागे व्हा सगळे!" तुमचा मिलमधला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आम्हा सगळ्यांना गॅलरीत ढकललंत आणि एकट्याने आत जाऊन प्लग ओढलात. जळक्या दुधाचा वास जिन्यापर्यंत गेला होता.

"ताई, इटलीत कळलं तर आमचं जहाज बंदरात घेणार नाहीत," मामा म्हणाला.

"नको घेवंदेत. दूध माझा गेला, त्यांचा काय गेला?"

पुढचे कितीतरी रविवार तुम्ही लिंबू आणि सुई घेऊन नळ्या साफ केल्यात. मग जुन्या धोतरात गुंडाळून ठेवून दिलंत. बाबा, इतकं लांबणीवर कशाला टाकलंत? तो साधा कप तुमचा राहूनच गेला.

आज गाळणीत पूड भरली, बॉयलरमध्ये पाणी ओतलं, नुसतं पाणी. झाकण आवळलं, तुम्ही करायचात तसं कान लावून. आधी काहीच होईना. मग आत गुरगुर सुरू झाली, खोल, आणि ते चिमुकलं यंत्र थरथरायला लागलं. एक थेंब पडला. त्याच्यामागून काळी, बारीक धार, आणि धारेवर तांबूस, सोन्यासारखी साय! दुधाचा टिपूस नाही आणि साय. आपल्या घाटकोपरच्या खोलीत, रॉकेलच्या डब्याशेजारी, हे घडत होतं.

शेवटी बाजूच्या वाफेच्या नळीची चावी जराशी सोडली. तुम्ही सांगायचात, पांढरी दिसते ती वाफ नव्हे, खरी वाफ दिसत नाही. मला ते पटायचं नाही. आज वाकून पाहिलं. नळीचं तोंड आणि तो पांढरा ढग, यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा होती. तिथे काहीच नव्हतं, आणि सगळा जोर तिथेच होता. मी कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिले, बाबा.

त्या घोटभर कॉफीत गरम पाणी ओतून तुमचा कप भरला. दूध नाही, साखर नाही, कप्तानासारखी. फोटोपुढे ठेवली आणि नमस्कार केला. माझ्या मनात एवढंच होतं.

आई दारात उभी होती. कपातली वाफ विरली. ती म्हणाली, "आता ह्यां टाकतलंस काय?"

"मी पिते ना."

"थांब." तुमच्यापुढे ठेवलेलं मोरीत ओतायचं नसतं, घरातल्या कुणीतरी प्यायलाच हवं, हे तिला माझ्याआधी सुचलं असणार. तिने कप उचलला. वास घेतला. तिने एक घोट घेतला आणि असं तोंड केलं की मला हसू फुटलं.

"हेका कोण कॉफी म्हणतला गो? मी दुधाची सोडलंय. ह्यां तर कडू पाणी."

असं म्हणून ती उंबऱ्याशी गेली आणि बसली. बसली, बाबा! बाजूची तुमची जागा मोकळी ठेवून. सगळा कप संपवला, घोट घोट, बाहेर बघत. या वेळी मी वाद घातला नाही. बी.ए. झाल्यावर मला कळलेली पहिली गोष्ट हीच असावी.

कप खाली ठेवताना तिने विचारलं, "उद्या परत लावतलंस मां ह्यो बॉयलर?"

लावीन, बाबा. प्लग काढल्याशिवाय आणि वाफ पुरती गेल्याशिवाय झाकणाला हात लावणार नाही, आणि आत पाण्याखेरीज काही जाऊ देणार नाही. पहिला कप तुमच्यापुढे ठेवीन. तो कुणी प्यायचा, हे आता ठरलेलंच आहे.

तुमची,
सुलू