चिझमबाई आणि आमचं प्रोसिडिंग बुक

करजहाळ, व्हाया मंद्रूप
ता. ३ डिसेंबर १९७४

प्रिय मथू,

तुझं दिवाळीचं पत्र येऊन तीन आठवडे होतील. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील, पण मी इथं एका शोधात होते. तू शिकवायचीस त्या आपल्या शाळेत जूनपासून ज्या नव्या बाई आल्यात, त्यांना गावातून हलवायचा घाट कुणीतरी घातलाय, आणि तो कुणी घातला हे हुडकून काढल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. दुधावर साय कमी आली तर मी आधी गवळणीकडं बघते, मग म्हशीकडं. तू म्हणायचीस, हेमा, तुला फौजदार केलं असतं तर सोलापुरात चोर उरला नसता. हे पत्रसुद्धा मी मंद्रूपला बाजाराला जाऊन स्वतःच्या हातानं पेटीत टाकणार आहे. इथल्या पोस्टमास्तरचा मला भरवसा नाही, तो पाकिटं उजेडाकडं धरून बघतो.

बाईंचं नाव चंद्रभागा ओहोळ. सोलापूरच्या, पंचविशीच्या आतल्या, दगडाबाईच्या मागच्या खोलीत एकट्या राहतात. रंगानं चांगल्या काळ्या, बोलायला स्वच्छ, आणि समोरच्याशी बोलताना नजर खाली न घालणाऱ्या. घरी म्हातारी आई विड्या वळते आणि दोन भाऊ शिकतात, म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की दुपारची एस.टी. धरून जातात. आडनाव कळलं तसं गावानं जे ओळखायचं ते ओळखलं. मीही ओळखलं. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा चहा दिला, गोड बोलले, आणि त्या गेल्यावर, ही एवढी शिकलेली पोर आपल्याच गावाला का आली असेल, याचा विचार करत बसले.

ऑगस्टात एक दिवस आमची गंगी शाळेतून नाचतच आली. पाटीवर एक बाई काढलेली. केस फुगवलेले, डोळ्यांवर चष्मा, आणि गंगीनं आपल्या मनानं तिला कुंकू लावून इरकल नेसवलेलं. कोण गं ही, विचारलं तर म्हणे चिझमबाई. शर्ली चिझम. ओहोळ बाईंनी पेपरातला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात दाखवला होता. मग पोरीनं मला उभं करून सगळं सांगितलं. ही अमेरिकेतली बाई. आधी बालवाडीत शिकवायची. मग निवडून आली ती थेट त्यांच्या लोकसभेत, तिथली पहिली काळी बाई. तिथल्या मोठ्या लोकांनी तिला शेतीच्या कमिटीवर टाकलं. राहणार ती केवढ्या मोठ्या शहरात, तिच्या भागात शेताचा तुकडा नाही. दुसरी असती तर गप्प बसली असती. ही भर सभेत उठली आणि म्हणाली, मला हे नको, माझ्या लोकांच्या कामाचं काहीतरी द्या. आणि घेतलं की बदलून! दोन वर्षांमागं तर राष्ट्राध्यक्ष व्हायला पक्षाचं तिकीट मागितलं. मिळालं नाही, पण मागितलं. आणि अव्वा, गंगी म्हणाली, तिकडं काळ्या लोकास्नी बसायला येगळं, पानी प्यायचा नळसुदिक येगळा व्हता, असं कुटं असतंय का गं?

मी तिला हातपाय धुवायला पाठवलं. मथू, वर लिहिलं ना, बाईंना चहा दिला म्हणून. तो गड्यांसाठी बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या कपातून दिला होता. बाईंनी चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि जाऊन त्याच कोनाड्यात ठेवला. कुठला कोनाडा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. आपल्या गळ्यात लिंग, आपल्यात म्हणे भेदभाव नाही! पण त्या दिवशी लाज वाटायच्या ऐवजी मला संशय आला. म्हटलं, हिनं आमच्या कपावरनंच हा धडा रचला असणार. शाळेत अमेरिकेची दूधभुकटी येते, तिच्याबरोबर ही चिझमबाई आली की काय? ही मिशनची तर नव्हे? आपल्या देशात काय बायकांचा दुष्काळ पडलाय? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. एका दुपारी तर मी शाळेच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. आत बाई पोरींना विचारत होत्या, तुम्हाला कुठल्या कमिटीवर बसायला आवडेल? एक म्हणाली पाण्याच्या. एक म्हणाली, शाळेला संडास बांधायच्या. आमची गंगी म्हणाली, जितं बोलायला मिळंल तितं. मी आले तशी मागच्या मागं घरी गेले.

तुला माझी मेंबरकी माहीत आहे. पंचायतीत बाईची जागा भरावी लागते म्हणून मामंजींनी माझं नाव दिलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. चावडीची पायरी मी अजून चढलेली नाही. सभेला आमचे मालक बसतात, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई रामहरी ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक फडक्यात बांधून आमच्या सैपाकघराच्या दाराशी येतो. माझे हात पिठात असतात. एक हात पदराला पुसायचा, तो बोट ठेवील तिथं सही करायची, की पुन्हा परातीत हात. सातवी फायनल पास झालेली मी, पण वर काय लिहिलंय ते वाचायचं कधी सुचलं नाही. वाचायचं असतं असंही वाटलं नाही. आजूबाजूच्या गावांतही बायकांची मेंबरकी अशीच दारात उरकते.

तर गणपतीत सरपंच हिंदुराव आमच्याकडं जेवायला होते. मी पुरणाच्या होळिगे वाढत होते. भर पंगतीत गंगीनं विचारलं, आप्पा, मेंबर अव्वा हाय की, मग सभेला तुमीच कसं जाता? चिझमबाई तर सोता जाती. हिंदुरावांचा घास तोंडाशी थांबला. मालक हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी वाढता वाढता पाहिले. हिंदुराव म्हणाले, काय शिवयोगी, तुमच्या घरात आता अमेरिका आली म्हणायची! सगळे हसले. मीसुद्धा हसले, आणि पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. ह्याचं आता वाईट वाटतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एका दुपारी बाई आल्या. हातात वरच्या कचेरीचा कागद. ग्रामपंचायतीच्या ठरावावरून तुमची बदली का करू नये, दहा डिसेंबरच्या आत खुलासा द्या. लांब अक्कलकोटच्या टोकाला टाकतील असं त्यांच्या कानावर आलं होतं. शनिवारी घरी पोचायची सोय उरणार नाही, आणि कागदावर जो डाग लागेल तो आयुष्यभर निघणार नाही. म्हणाल्या, वहिनी, ठरावात काय लिहिलंय ते मला कुणी दाखवत नाही. तुम्ही मेंबर आहात, तेवढं सांगा. मथू, त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या. घरात या म्हटलं तर म्हणाल्या, इथंच बरं आहे. मी शब्द दिला की हे कुणी केलं ते शोधून काढीन, आणि त्याला सोडणार नाही.

मग काय, कंबरच कसली. पहिला संशय अर्थात अण्णाराव गुरुजींवर. रिटायर झाले तरी शाळेच्या कट्ट्यावर बसलेले असतात. तुझ्या बदलीच्या वेळी ते हेडमास्तर होते, आणि त्यांनीच तुझा काटा काढला हे आपण दोघींनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. सात वर्षं मी त्यांच्या घरचं हळदीकुंकू टाकलं. त्यांच्या घरच्या बजाबाई पाणवठ्यावर समोर आल्या तरी मी घागर घेऊन बाजूला व्हायची. आता म्हटलं, जुनी खोड, जाणार कशी. त्यांच्यानंतर ग्रामसेवक, कारण तो माझ्याकडं बघून फार लवून नमस्कार करायला लागला होता. दगडाबाईलाही सोडलं नाही, खोलीचं भाडं वाढवून पाहिजे असेल म्हटलं. आणि मग एके दिवशी मालकांनी मंद्रूपहून माझ्यासाठी गजरा आणला. लग्नाला अठरा वर्षं झाली, ह्या माणसानं मला कधी शेवंतीचं फूल आणलं नाही. वर म्हणाले, भाकरी आज लई मऊ झालीय. तेव्हा कळलं, पाणी आपल्याच घरात मुरतंय.

काल रामहरी नेहमीसारखा बुक घेऊन आला. म्हटलं, ठेव इथं, हात खरकटे आहेत, चार वाजता ये. तर तो म्हणतो, न्हाय वैनी, बुक सोडून जायाचं न्हाय असं मालकांनी सांगितलंय. म्हटलं, रामहरी, मेंबर कोण आहे? त्यानं डोकं खाजवलं, इकडंतिकडं पाहिलं आणि बुक ठेवून गेला. परात तशीच सोडून मी बसले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा वाचलं. ऑक्टोबरची सभा, ठराव क्रमांक चार. शिक्षिका श्रीमती ओहोळ या मुलींना अभ्यासक्रमाबाहेरील परदेशी राजकारण शिकवून घरातील वडीलधाऱ्यांस उलट बोलण्यास प्रवृत्त करीत आहेत, सबब त्यांची बदली व्हावी. अनुमोदक हिंदुराव. आणि सूचक, सौ. हेमावती शिवयोगी. खाली माझी सही. कडेला पिठाचा डागसुद्धा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी तीन आठवडे घातला.

मालकांना विचारलं. ते काही लाजले नाहीत. म्हणाले, बाईच्या तोंडनं बाईची तक्रार आली की वर कोन काय इचारत न्हाय, म्हणून तुझं नाव घातलं, त्यात काय एवढं? मी म्हटलं, शुक्रवारच्या सभेला मी येणार आहे आणि हा ठराव मागं घ्यायला लावणार आहे. म्हणाले, लोक हसतील. म्हटलं, हसू द्या. काल संध्याकाळपासून ते जेवताना बोलत नाहीत. वरच्या कचेरीला मी सगळं खरं कळवलंय, ते पाकीट ह्याच्याबरोबरच जाईल. आणि आज सकाळी बाईंकडं जाऊन त्यांना तोंडावर सांगितलं की ज्याला मी सोडणार नव्हते ती मीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, वहिनी, पुढच्या वेळी वाचून करा. एवढंच. मला वाटतं त्यांचा अजून माझ्यावर विश्वास नाही, आणि का असावा?

मथू, आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फडक्यात नव्या बुकाखाली जुनं बुकही बांधलेलं होतं. मी ते उघडायला नको होतं असं कालपासून दहादा वाटलं, पण उघडलं. १९६७, जुलै. शिक्षिका मथुराबाई या मोठ्या मुलींस मुलांसमोर कबड्डी खेळावयास लावून गावाचे वळण बिघडवीत आहेत, सबब त्यांची बदली व्हावी. सूचक मी आहे. सही माझी आहे, ओळखू येते, तेव्हा मी 'हे'ची मात्रा लांब ओढायची. अण्णाराव गुरुजींचा शेरा खाली आहे, बाईंचे काम उत्तम आहे, बदलीस आमचा विरोध आहे, असा. आणि तू निघालीस त्या दिवशी एस.टी.पाशी तुझ्या गळ्यात पडून मी रडले, शेंगाचटणीचा डबा दिला, आणि ज्यानं हे केलं त्याचा हात झडो म्हणाले. तुझी आई गाव सोडायला तयार नव्हती. बदलीच्या गावी, त्या कुर्डुवाडीच्या खोलीत ती वर्षाच्या आत गेली. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते, पण माहीत करून घ्यायला एक पान वाचायचं होतं आणि मी भाकऱ्या थापत होते. ओहोळ बाईंचा ठराव मोडायला मी शुक्रवारी जाते आहे, मोडेल की नाही शिवाला ठाऊक. तुझा तर आता मोडताच येत नाही. त्याची अक्षरन् अक्षर नक्कल सोबत ठेवली आहे, तुला ज्याला दाखवायची त्याला दाखव. मला उत्तर लिहू नकोस वाटलं तर लिहू नकोस. पण गुरुजींना एक कार्ड टाक. त्यांना वाचायला दिसत नाही, बजाबाई वाचून दाखवतील.

तुझीच लिहायला हात धजत नाही, तरी तुझीच,
हेमा