मँगनीजचा अर्धा तुकडा

प्रिय धाकटे,

फोनच केला असता, पण फोनवर तू हसतेस आणि माझा राग विरघळतो. आज तो विरघळू द्यायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

गोदाम ठीक आहे. म्हणजे भरलेलं आहे. दारापासून वजनकाट्यापर्यंत फेरोमँगनीजचे ढीग आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. मँगनीजशिवाय पोलादाला चिवटपणा येत नाही, कुठल्याही भट्टीला ते लागतंच, असं मी बाबांना रोज ऐकवते. ते मान डोलावतात आणि विचारतात, धाकटीचा फोन आला होता का? तू त्या मोठ्या पोलाद कारखान्याच्या खरेदी विभागात बसलीस तेव्हापासून बाजाराची खबर त्यांना फक्त तुझ्याच तोंडून लागते. दिवसभर धूळ खायची मी, आणि बाजार कळतो तुला!

नवा माल उतरला की बाबा एक ढेकूळ घणाने फोडायचे, आठवतं? आतली ताजी चमक बघून माल कसा आहे ते आपण दोघींनी सांगायचं. जिचं बरोबर, तिला अर्धा तुकडा. तुझ्या खिडकीत तुकड्यांची रांग लागली होती. ती अजून आहे. बाबा कुणालाही हलवू देत नाहीत, पुसायला मात्र मी चालते.

गेल्या हिवाळ्यात तू म्हणालीस, ताई, मँगनीज कमी कर, बांधकामाच्या सळयांसाठी आता व्हॅनेडियमची मागणी वाढणार. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी मान डोलावली. मला ते इतकं झोंबलं की दुसऱ्याच दिवशी मी मँगनीजचाच माल दुप्पट मागवला. तुझंच खरं ठरलं. समोरचा टकलू व्यापारी व्हॅनेडियम विकून शीळ घालत फिरतो. त्याचा मला हेवा वाटत नाही गं. माझा सगळा हेवा मी तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

आणि काल तुमच्या कारखान्याकडून विचारणा आली. आमच्याकडचं सगळं मँगनीज हवंय, भाव कळवा. खाली सही तुझी. बाबांचे डोळे भरून आले. म्हणाले, धाकटीने सांभाळून घेतलं बघ. वर्षभर हे गोदाम मी सांभाळते आहे, पण ते वाक्य तुझ्या वाट्याला गेलं. 

म्हणून हे पत्र. माल खरंच हवाय, की बहिणीची कीव आली? कीव असेल तर आजच माल नको म्हणून कळव. असल्या गोष्टीपायी तुझी खुर्ची जाईल, आणि तरीही आपल्या दोघींत चांगली तूच ठरशील. ते मला सोसणार नाही. पण गरज खरी असेल, तर नमुना बघायला दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, तू स्वतः ये. ढेकूळ बाबा फोडतील. माल हिणकस दिसला तर त्यांच्यासमोर तसं सांग आणि सरळ निघून जा, मी अडवणार नाही. फक्त या वेळी आधी मी बोलणार आणि तू गप्प बसायचं. अर्धा तुकडा माझ्या हातात पडला की भाव सांगते.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई