इंदापुरातल्या माझ्या टाक्या

१२ जानेवारी १९९८, सकाळ

कपाट आवरताना ते यंत्र सापडलं. पाचगणीच्या कॉन्व्हेंट हॉस्टेलात सिंधू आणि मी एका पांघरुणात बसून ते पाळीपाळीने डोळ्यांना लावायचो. तिची गार पावलं माझ्या पोटरीला टेकलेली. दोन भिंगं, आत चित्रांची गोल चकती, खटका दाबला की पुढचं चित्र. कारंज्याचं चित्र आलं की सिंधू मागे सरकायची. ‘ताई, पाणी अंगावर येतंय गं!’

मीही बघायचे. छान चित्र होतं. सपाट. चित्र अंगावर कसं येईल? पण माझी धाकटी बहीण जन्माची नाटकी. इंदापुरात दिल्यावर तर ते वाढलंच.

त्याच दिवशी, दुपार

विमानातून फोटो काढून गावांचे कॉम्प्युटरवर नकाशे करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीने भिगवण रोडला ऑफिस उघडलंय. बाहेर पाटी: ‘इंग्रजी उत्तम येणारी व्यक्ती पाहिजे.’ बारामतीत माझ्याखेरीज आहे कोण? उद्या जाऊन त्यांच्यावर उपकार करणार.

१३ जानेवारी

गॅरेजच्या माडीवर दोन खोल्या. कॉम्प्युटरला एसी, माणसांना पंखा. साहेब कोण, तर दिशा नावाची इंजिनीअर मुलगी, कोऱ्हाळ्याची. इंग्रजी बरं आहे, पण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकाच मापाने काढते.

तिने शिकवलं. विमान पुढे सरकत एकाच जागेचे दोन फोटो घेतं. ते शेजारी ठेवून आरशांच्या यंत्रातून एक डाव्या डोळ्याने पाहायचा, दुसरा उजव्याने. मग म्हणे घरं वर उठतात आणि विहिरी खाली जातात. कुठे काय आहे ते आपण खूण करून द्यायचं, त्यावरून पुण्यात नकाशा होणार.

मी पाहिलं. दिशाने विचारलं, उठलं का गाव? मी म्हटलं, ब्यूटिफुल. माणसाला मॅनर्स असावेत.

फेब्रुवारीअखेर ट्रायल, मग कायम खुर्ची. ठमाबाई भांडी घासता घासता म्हणाली, ‘या वयात नोकरी? लोक काय म्हंतील, बाईसाहेब?’ तिला काय कळणार. हे गेल्यापासून सकाळी कुणी माझी वाट पाहत नाही. दिशा म्हणाली, ‘दहाला या.’ बरं वाटलं.

१९ जानेवारी

इंदापूरचे फोटो मिळाले. विहिरीला निळी पेन्सिल, टाकीला लाल. दोन्ही वरून गोल, दोन्ही काळपट. बाकीचे अर्धा अर्धा तास डोळे लावून बसतात आणि ‘आता उठलं, आता उठलं’ करतात. त्यांच्या साहेबाने सांगितलं म्हणून उठतं. मी अक्कल वापरते. नीट गोल असेल, जवळ बरी घरं असतील, तर टाकी. ओबडधोबड असेल तर विहीर. दुपारपर्यंत अर्धं इंदापूर संपलं.

निश्चय: वेगाचा तोरा मिरवायचा नाही.

२ फेब्रुवारी

सिंधू आली. मी तिच्या गावाचा नकाशा करते हे तिला पाहायचं होतं. यंत्राला डोळे लावले मात्र, खुर्चीसकट मागे. ‘ताई, आमच्या गल्लीतली टाकी अंगावर येतेय गं!’

सगळं ऑफिस हसलं. पन्नास वर्षांत बाईत काडीचा फरक नाही. मी हळूच पाहिलं, तिने दाखवलेल्या जागी माझं निळं वर्तुळ होतं. विहीर. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, तिच्या सावलीत मी पापड वाळत घालते. म्हणजे घालायचे, ते वाळेनात म्हणून गच्चीवर गेले.’

पापडांवरून नकाशे होत नसतात.

दिशा मागे उभी होती. तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं. या पिढीला बोलायचं कधी ते कळत नाही.

१० फेब्रुवारी

दीपक म्हणून एक पोरगा जागेवर जाऊन खुणा तपासतो. मोटारसायकलवर टाय लावून जातो, यावरून त्याची समज कळावी. आज इंदापुराहून आला तो हसतच. माझ्या एका लाल वर्तुळाच्या जागी कुणी सर्जेराव उभे होते. याने विचारलं, इथली टाकी कुठं आहे? ते म्हणाले, ‘हाय की. फकस्त उलटी बांधलीया, जमिनीत. पोहाय येतं का तुमास्नी?’

अशा आणखीही निघाल्या म्हणतो. मी दिशाला स्पष्ट सांगितलं, फोटो काढल्यानंतर लोकांनी विहिरी खणल्या असणार. ती म्हणाली, ‘मॅडम, दगडी विहीर आहे. तिच्यात पिंपळ उगवलाय.’

निश्चय: उद्यापासून यंत्राची काच स्वतः पुसायची. दोष काचेचा आहे.

१६ फेब्रुवारी

दिशाने यंत्रात फोटोंचा नवा जोड लावून दिला. पाहा म्हणाली. मी पाहिलं, म्हटलं, सुरेख, घरं अगदी वर उठलीत.

ती माझ्या शेजारी बसली. हळू बोलली, पण दीपकने ऐकलंच. तिने फोटोंची अदलाबदल केली होती, डावा उजवीकडे. तसं केलं की रस्ते भिंतीसारखे वर येतात आणि घरांचे खड्डे होतात. ‘सगळं इंदापूर खड्ड्यात गेलंय, मॅडम, आणि तुम्ही सुरेख म्हणताय.’

कॉन्व्हेंटमध्ये अशा फसवणुकीला गुडघ्यावर उभं करायचे. वर म्हणते, ‘एकदा डोळे दाखवून घ्या.’ दाखवणार. सर्टिफिकेट तिच्या टेबलावर आपटणार.

२० फेब्रुवारी

डॉक्टर म्हणजे कालचं पोर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन हवं. आणि डावा? डावा लहानपणापासून आळशी, मेंदूने त्याचं ऐकणंच सोडलंय. म्हणाला, ‘दोन्ही डोळ्यांनी मिळून तुम्ही कधी काही पाहिलेलंच नाही, आजी.’

आजी!

मी विचारलं, म्हणजे त्या यंत्रात बाकीच्यांना खरंच वर आलेलं दिसतं? म्हणाला, हो. मी विचारलं, सगळ्यांना? म्हणाला, जवळजवळ सगळ्यांना. मी म्हटलं, ओरडायची गरज नाही. तो ओरडत नव्हता.

२३ फेब्रुवारी

खुर्ची दीपकच्या मामेबहिणीला दिली. दिशा म्हणते, ऑपरेशन झालं की नकाशावरची इंग्रजी नावं तपासायला या, एका डोळ्याने होतं ते काम. मी म्हटलं, विचार करीन. दहाला यायचं का, हे मात्र विचारून ठेवलं. दहालाच.

१ मार्च, संध्याकाळ

उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणतो किरकोळ आहे. त्याचा डोळा नाही ना. ठमाबाईने आत्ताच डोळ्याला पदर लावलाय, म्हणते, ‘काय हुत न्हाय, बाईसाहेब,’ आणि रडते.

तरी लिहून ठेवते. काही बरंवाईट झालं तर:

स्टीलची भांडी आणि रेडिओ ठमाबाईला. कुकर नको, ती त्याला घाबरते.

माझी जाड इंग्लिश डिक्शनरी दिशाला. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’च्या पानांवर खूण घातली आहे. मुलगी हुशार आहे, हे तिला सांगू नये.

यांचे दोन टाय दीपकला. मोटारसायकलवर घालू नयेत.

लाल पेन्सिल कुणालाच नको.

कपाटातलं यंत्र सिंधूला, सगळ्या चकत्यांसकट. कारंज्याची वर ठेवली आहे. तिला म्हणावं, खुर्ची भिंतीला टेकवून बस. पाणी अंगावर येतं.