आवाजासकट जमीन

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या दारावरची घंटा निवर्तली आहे, आणि घरात कोणालाही त्याचं सुतक नाही, याची नोंद मी येथे दुःखपूर्वक करतो. नवी कोरी घंटा! खोक्यावर 'मंजुळ' असं छापलेलं. आज कुरिअरवाला बाहेर तिष्ठत उभा आणि आत मी निवांत पेपर वाचतोय! शेवटी शेजारीणबाईंनी खिडकीतून हात हलवून मला उठवलं. त्या हलवण्यात सहानुभूती कमी आणि करमणूक जास्त होती.

इलेक्ट्रिशियन आला. बटण दाबलं. "वाजतेय की, साहेब."

वाजतेय म्हणे! जी वस्तू स्वतःच्या गळ्यातल्या गळ्यात वाजते तिला घंटा म्हणत नाहीत. त्याला तसं सांगितलं. माझ्याकडे बघत पिशवी उचलून गेला. हल्ली कारागिरांना लाज म्हणून राहिलेली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायकोला जमीन घ्यायची आहे. गावाबाहेर, रिकामी, समुद्राजवळ. शाळेतली नोकरी मुदतीआधीच सोडली तिने, आणि आता हे. लहानपण समुद्राकाठी गेलं ना! "दोनच खोल्या बांधू. गाज ऐकू आली पाहिजे. बाकी माझं काही मागणं नाही."

लोक उजेड बघून घर बांधतात, पाणी बघून बांधतात. आमच्याकडे आवाज बघून!

मेव्हण्याने लगेच एक दलाल हुडकून काढला. मेव्हण्याला माणसं हुडकता येतात. माणसांतली माणसं हुडकता येत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

जमीन पाहून आलो. दलालाचं नाव मी 'ऑलरेडी' ठेवलं आहे. रस्ता? "रस्ता ऑलरेडी आहे, साहेब." रस्ता म्हणजे दोन खुंट्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेली सुतळी. पाणी? "ऑलरेडी." बोट दाखवलं ती सिमेंटची टाकी. आत वाळकी पानं आणि एक चप्पल. ऑलरेडीचा काळा गॉगल, पांढरे बूट, आणि पायांखाली सराटे! जमीन म्हणजे उतारावरचं गवत, एका कडेला सुरूची झाडं. ती झाडं समुद्र पूर्ण झाकतात.

"दिसत नाही, पण गाज बघा ना, साहेब. गाज ऑलरेडी येते!"

आम्ही चौघे गप्प उभे राहिलो. मी ऐकलं. काही नाही. वारा नाही, पाखरू नाही, समुद्र तर नाहीच. फक्त ऑलरेडीचा श्रद्धाळू चेहरा.

"येतेय," बायको म्हणाली. डोळे मिटलेले.

"येतेय, भावजी! मस्त येतेय," मेव्हणा. त्याला कमिशन मिळत असावं, नाहीतर तो कशाला ऐकेल.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेला माणूस. अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न जाणवणं, हाही एक पुरावा, एक प्रमाण आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. गाज ऐकू येत नाही, म्हणून गाज नाही. इतकं सरळ! हे ऑलरेडीला समजावून सांगितलं. तो गॉगल काढून म्हणाला, "घडा पण घेऊन देऊ, साहेब."

परतीच्या वाटेवर मी फैसला सुनावला: फसवणूक. घ्यायची नाही. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नगराध्यक्षांची पत्रकार परिषद काल झाली. हा मनुष्य तोंडात वाळू धरून बोलतो. आज इतर सगळ्या पेपरांत त्यांचं एक वाक्य मथळ्यात आहे: मासळीबाजार हलवणार. माझ्या बातमीत नाही. संपादक म्हणाले, "तुम्ही तर पहिल्या रांगेत होतात ना?" होतो. म्हणूनच सांगतो, ते असं बोललेच नाहीत. बाकीच्यांनी चहाला बसून आपसांत ठरवलेलं दिसतं. वार्ताहर कसले, टोळी आहे!

संपादक नंतर आणखी काहीतरी म्हणाले. पुटपुटणं हा आता राष्ट्रीय रोग होत चालला आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घरातही अंदाधुंदी. जेवणाच्या टेबलावर बायको लग्नापासून माझ्या डावीकडे बसत आली. हल्ली उजवीकडे येऊन बसते! भाजीचं भांडं तिकडे, ती इकडे. आज कारण विचारलं.

"इथे वारा लागतो."

पंखा टेबलाच्या बरोबर मध्यावर आहे. वाऱ्याला डावं-उजवं नसतं. चालायला जातानाही तेच, मध्येच मागून वळसा घालून उजवीकडे येते. या वयात नव्या खोडी!

मग म्हणाली, "अहो, एकदा पुन्हा जाऊन येऊ तिथे. त्यानंतर नाही म्हणालात तर विषय बंद. पुन्हा काढणार नाही."

ती काढणार नाही, हे मला माहीत आहे. तिचं तसंच असतं. एकदा मिटलं की मिटलं.

जाऊ. ऑलरेडीची लबाडी जागेवरच उघडी पाडतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेलो. ऑलरेडी आज जांभळ्या शर्टात, म्हणजे डोळ्यांनाही शिक्षा. मी त्या टाकीवर चढलो. वरून सुरूंच्या फटीतून किनाऱ्याची एक पट्टी दिसते. म्हटलं, समुद्र किती लांब आहे ते आता यालाच दाखवतो.

मेव्हण्याला आणि ऑलरेडीला गाडीपाशी पिटाळलं. बायको खाली टाकीला टेकून बसली, समुद्राकडे पाठ करून, डोळे मिटून. एक हात वर करून तिने माझ्या बुटावर ठेवला. मी पडेन म्हणून असेल.

"येतेय का अजून?" मी विचारलं. आवाजात जेवढी खोच घालता येईल तेवढी घातली.

तिने बुटावर एक बोट आपटलं. थांबली. पुन्हा आपटलं.

मी फटीतून बघत होतो. लांब पांढरी रेघ उठायची, फुटायची, आणि क्षणभराने बुटावर बोट पडायचं. पुन्हा रेघ. फुटली. बोट. एक लाट लहान आली, बोट हलकेच पडलं. मोठी आली, जोरात.

तिची पाठ होती समुद्राकडे. डोळे मिटलेले होते.

मी बराच वेळ वर उभा राहिलो. खाली उतरल्यावर ऑलरेडीला म्हणालो, कागद तयार करा. तो म्हणाला, "ऑलरेडी आहेत, साहेब." आज त्याला काही बोललो नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

त्या प्रमाणाला एक अट असते. घडा दिसत नाही म्हणून तो नाही, असं म्हणायला आधी डोळे शाबूत लागतात. ही अट तोंडपाठ होती मला.

घंटा वाजते. डावा कान गेलाय. उजवाही जातोय.

नोकरीचं बघू. समुद्राचंही एवढं काही नाही, तिने तो ऐकावा. उजवाही पुरता गेला, तर माझ्या उजवीकडे येऊन बसणारी ती मग कुठे बसेल?