क्लचची वायर

३ मे, शनिवार
आबांची बायपासनंतरची तिसरी तपासणी. वडलांचं हृदय ठीक आहे म्हणे. पण सकाळी निघताना तापलेल्या गाडीत बसले आणि पाच मिनिटांत घामाने निथळले, डोळे फिरवले. एसी फुल्ल, तरी गाडी गार व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्यांना झेपत नाही. आमची पार्किंगची जागा उघड्यावर, गेटकडे तोंड. सकाळी सातपासून ऊन थेट काचेवर. उद्यापासून कत्तिरी, म्हणजे चेन्नईच्या उन्हाळ्याचे सगळ्यात वाईट दिवस.
सुनंदा म्हणाली, "आधी खाली जाऊन सुरू करून ठेवा ना." बायको सातला कामावर जाते. मी खाली गेलो तर आबांना धरून कोण आणणार?
रिमोट स्टार्टर बसवायचा. वरून बटण दाबलं की गाडी सुरू, एसी सुरू. ठरलं.

४ मे, रवि.
तांबरममधल्या रावांकडे गेलो, गाड्यांचं वायरिंग करतात. तंजावरचे मराठी. बोलणं ऐकून पणजोबांची पत्रं आठवतात. बॉनेट न उघडताच म्हणाले, "हे क्लचाची गाडी, सार. ह्याला नको. वेण्डाम्."
म्हटलं, मी रोज ओरगडमच्या कारखान्यात गाड्याच तपासतो, मला कळतं.
"कळतें तुम्हाला. गाडीला कळतें काय? गिअरांत राहिली तर कोण पाहील?"
मुद्दा असा की आमची गाडी क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाही. रिमोट लावायचा तर ती अडवणूक काढावी लागते. ते हात लावणार नाहीत. चिडून आलो. वीस वर्षं क्वालिटीत काढली, आता मला हे शिकवणार.

६ मे
सोसायटीचे सेक्रेटरी पुन्हा दगडावरून बोलले. आबांचा दगड. एकतीस वर्षं एस.टी. चालवली, निम्मी पसरणी घाटात. वाईहून इथे येताना तो दगड डिकीत घालून आणला. गेटकडे थोडा उतार आहे, म्हणून रोज संध्याकाळी खाली जाऊन पुढच्या चाकाला लावायचे. सपाट चेन्नईत! सगळी बिल्डिंग हसते. ऑपरेशनपासून आबा खाली गेलेले नाहीत, दगड तसाच. आज उचलून कंपाउंडमागे टाकला. एकदाची कटकट गेली.

११ मे, रवि.
रि. स्टा. बसवला. स्वतः. डॅशबोर्डखाली आडवा पडून सहा तास, मान पार अवघडली. सुनंदाने टॉर्च धरला. क्लचच्या स्विचची दोन टोकं दोन इंच वायरने जोडून टाकली. आता गाडीला वाटणार, क्लच कायम दाबलेलाच आहे.
स्वतःला नियम: उतरताना न्यूट्रल, हँडब्रेक, दोनदा बघायचं.
सुनंदा: "आबांना सांगून ठेवा. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते."
"त्यांना लिफ्टपर्यंत चालवत नाही, किल्ली कशाला घेतायत?"
खरं कारण वेगळं. सांगितलं असतं तर काढायला लावलं असतं.

१७ मे, शनि.
तपासणी. साडेसातला वरून बटण दाबलं, दहा मिनिटांनी खाली. आबा बसले आणि हसले. "महाबळेश्वरला आल्यागत वाटतंय रे." किती दिवसांनी हसले. मग ड्रायव्हरची खोड: "पर क्लच कोण दाबतंय?"
"सगळं इलेक्ट्रॉनिक असतं आबा. ते बघून घेतं."
"शहाणं हाय," म्हणाले.

२३ मे
आनंदाची बातमी. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन अंघोळीला गेलो, तेवढ्यात आबा एकटे लिफ्टने खाली जाऊन आले! गाडीभोवती चक्कर मारली म्हणे. चेहरा उजळला होता. नारळपाणी आणलं, तिघं प्यायलो. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. उद्याच्या तपासणीत डॉक्टरांना सांगायचं.

२४ मे
कुठून लिहू.
साडेसातला बटण दाबलं. स्वयंपाकघरातून. तिथून गेट दिसत नाही. आधी इंजिनचा घुर्र, मग थडकन् काहीतरी, मग बाईची किंकाळी.
सेल्वी. झाडलोट करते, गेटपाशी कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढते. आमची बिल्डिंग तिची तिसरी, म्हणून आमच्याकडे साडेसात वाजतात. गाडीकडे पाठ करून उकिडवी बसली होती. गाडी गिअरमध्ये. दोन हात पुढे झेपावली आणि बंद पडली. बंपर पाठीला लागला, ती गेटच्या लोखंडावर. उजवं मनगट मोडलं. पिठाचा डबा चाकाखाली चपटा.
अजून दोन हात गेली असती तर.
मीच तिला हॉस्पिटलात नेलं. आबांची तपासणी राहिली.
न्यूट्रल केली होती. दोनदा बघितलं होतं. शपथेवर सांगतो.

२५ मे
सकाळी आबा स्वतःच म्हणाले, "गिअर मी टाकला. परवा. दगड शोधला, गावला नाही. उतार हाय, म्हटलं पहिल्यात टाकून ठेवावी."
दगड गावला नाही.
मी काही बोलायच्या आत सेक्रेटरी आले. आबांनी त्यांनाही तेच सांगितलं. ऐकून म्हणाले, वय झालं, होतं असं, पण आता यांच्या हातात किल्ली देऊ नका. आबा खाली मान घालून उभे. एकतीस वर्षांत एकाला खरचटू न देणारा माणूस.
तेव्हा बोलायला हवं होतं. वायर नसती तर गिअरमध्ये असूनही गाडी जागची हलली नसती. मनाला सांगतोय, नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांना ताण नको. ताण कुणाला नकोय ते मला चांगलं माहीत आहे.

२७ मे
आबा हट्टाने सेल्वीच्या घरी. हात जोडले. तमिळ येत नाही, मराठीतच म्हणाले, "माझी चूक झाली, पोरी." ती प्लास्टरचा हात सावरत उठली, "परवायिल्लै, ताता, परवायिल्लै." काही नाही आजोबा, काही नाही. आणि मी मधे उभा राहून भाषांतर करतोय! त्यांच्या चुकीचं! लाज वाटते लिहायला.
गेटपाशी तीन दिवस कोलम नाही.

२९ मे
आबा धड जेवत नाहीत. दुसरी किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली, म्हणाले, "हिला आता मी हात लावायचा नाही. मला वाईला पोचव." वाईला कोण आहे त्यांचं? बंद घर आणि शेजारी.
रि. स्टा. उपटून काढला. वायरही. क्लचचं पहिल्यासारखं केलं.
सुनंदा ताटं घासत होती, वळलीसुद्धा नाही. "टॉर्च मी धरला होता. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगीन."
"शनिवारी सांगतो."

३१ मे, शनि.
तपासणीला निघालो. गाडी भट्टी. चारही दारं उघडून दहा मिनिटं उभी केली, आबा सावलीत खुर्चीवर. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही? चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी स्वतः होऊन खुर्ची आणून दिली.
आबा मागच्या सीटवर बसले. आजवर कधी बसले नव्हते. नेहमी माझ्या शेजारी, मी ब्रेक लावला की त्यांचाही पाय दाबला जायचा.
"यंत्र काढलंस का? त्याचा काय दोष? चूक माझी."
हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली. न्यूट्रल, हँडब्रेक. खिशातून वायर काढून मागे वळून त्यांच्या हातावर ठेवली. दोन इंच, दोन्ही टोकं सोललेली.
"क्लच कोण दाबतंय विचारलं होतंत ना, आबा. कुणीच दाबत नव्हतं. ही वायर मी जोडली होती. ती नसती तर गाडी हललीच नसती. आणि दगडही मीच कंपाउंडमागे टाकून दिला. चूक माझी आहे, तुमची नाही."
त्यांनी चष्मा वर सरकवून वायर नीट बघितली. मग शर्टाच्या खिशात ठेवली. "चल, नंबर जाईल," एवढंच म्हणाले. येतानाही मागेच बसले.
डॉक्टरांनी विचारलं, बी.पी. का वाढलंय. आबांनी शर्टाची बाही खाली ओढली.
आता संध्याकाळचे सात. मघाशी आबा न सांगता खाली गेले. खिडकीतून पाहिलं तर कंपाउंडमागे वाकून काहीतरी शोधत होते.
किल्ली टेबलावरच आहे.